माझ्या पोटातला बेचाळिसावा आवाज

मित्रांनो, आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी भित्रा आहे. मी एक जुना रेकॉर्डर आहे, साबणाच्या वडीपेक्षाही लहान. आज माझं एक बटण दाबलं जाणार आहे. ते दाबल्यावर काय होतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून त्याआधी घाईघाईनं माझी हकीकत तुम्हाला सांगून घेतो.

मला डोळे नाहीत. कान मात्र तिखट आहेत. कुणाचा रंग, कुणाचं रूप मला विचारू नका. माणसं मी आवाजावरून ओळखतो आणि मला धरणाऱ्या हातावरून ओळखतो. माझे सेल संपले की मला बोलता येत नाही, पण ऐकू येतच राहतं. आणि एक खोड जन्मापासून आहे. कुणीही, अगदी कुणीही माझं बटण दाबलं, की पोटात जे साठवलं असेल ते मी जसंच्या तसं बोलून टाकतो. समोर कोण आहे ते दिसत नाही, आणि 'तुम्हाला नाही सांगणार' असं म्हणायची सोय नाही. तुमच्या वर्गातही असा एखादा असेल, ज्याच्या पोटात काही राहत नाही. त्याला तुम्ही गुपित सांगत नाही. मला मात्र लोक सांगत आले, कारण मी काय करतो हे त्यांना पुरतं ठाऊकच नसायचं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतो तो सांगलीच्या एका दुकानात खोकं फाडल्याचा आवाज, आणि दुकानदाराचं बोलणं: "पन्नास तास बोला सर, ह्यो काय दमत न्हाई." एका कॉलेजच्या विभागानं मला घेतलं. तिथली मुलं गावोगाव जाऊन लोकांची गाणी, गोष्टी, जुन्या आठवणी गोळा करायची आणि त्यावर प्रबंध लिहायची. सुरुवातीला माझं कौतुक काय विचारता! मला मऊ कापडाची पिशवी शिवली होती. साताऱ्याच्या पेन्शनीतल्या सुभेदारांनी मला लढाईच्या गोष्टी सांगितल्या. वाईच्या घाटावर धुणं आपटता आपटता बायांनी गाणी म्हटली, ती मी टिपली. ऐकणारे म्हणायचे, "वा, किती स्वच्छ आवाज आहे!" मी फुगून जायचो.

मग एका मुलाबरोबर मी वाईच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका कातकरी वस्तीवर गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्यानं दिवसभर बसून मला मासे धरायच्या आणि कंद ओळखायच्या गोष्टी सांगितल्या. बोलून घसा बसला त्याचा. शेवटी तो म्हणाला, "आता माझा आवाज मला ऐकव." मुलाला शेवटची एसटी गाठायची होती. "पुढच्या वेळी ऐकवतो, बाबा," असं म्हणून तो पळाला. पुढची वेळ आलीच नाही. मुलाला पदवी मिळाली, विभागात पेढे वाटले, आणि काही महिन्यांनी माझं पोट भरलं म्हणून कुणीतरी पुसायचं बटण दाबलं.

पुसलं जाणं काय असतं ते सांगतो. शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असतं आणि एकदम तिथं खोलीच नसते. काय होतं ते आठवत नाही, काहीतरी होतं एवढंच कळतं. त्या म्हाताऱ्याचे मासे गेले, कंद गेले, नाव गेलं. 'माझा आवाज मला ऐकव' एवढं एक वाक्य मात्र कसं कोण जाणे माझ्यात चिकटून राहिलं. तेव्हापासून मला भीती बसली. लोकांच्या आवाजाची मी चोरी करतो आणि वर तो सांडून टाकतो, असं मला वाटायला लागलं.

पुढं सगळ्यांच्या हातात मोबाइल आले आणि मी टेबलाच्या खणात जाऊन पडलो. किती वर्षं पडलो ते कळलं नाही. खरं सांगू? मला तिथं बरं वाटत होतं. खणात कुणी गुपित सांगत नाही.

मला तिथून काढलं ते श्रद्धानं. श्रद्धा पाटील, सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. तिचा हात कोरडा आणि थोडा खरबरीत होता, शेतात काम केलेला. तिच्या वडिलांना, पायगोंडा आप्पांना, सगळं गाव ओळखतं. दरवर्षी दिवाळीनंतर माण तालुक्यातले धनगर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरतात आणि आप्पा त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवून घेतात. मेंढरांना चारा मिळतो, रानाला खत मिळतं. धनगरांच्या या फिरत्या बिऱ्हाडाला वाडा म्हणतात. श्रद्धा लहानपणापासून त्या वाड्यात खेळलेली, म्हणून तिनं अभ्यासाला विषयच तो घेतला: मेंढरांची दुखणी आणि धनगरांची औषधं. वाड्यावर मोबाइल चार्ज करायला वीज कुठली? मी सेलवर चालतो, म्हणून माझी वर्णी लागली.

भादव्यात आम्ही माणला गेलो. पावसाळाभर वाडा तिथं आपल्या गावी असतो. श्रद्धानं कॉलेजचा नियम पाळला. एक छापील कागद काढला, 'आम्ही स्वखुशीनं माहिती देत आहोत' असा, आणि तो वाड्याचे कर्ते हरिबा यांना वाचून दाखवला. हरिबांचा आवाज जाड, तंबाखूनं भरलेला. त्यांनी शाईत बुडवून अंगठा दिला.

मित्रांनो, इथंच पहिली चूक झाली. श्रद्धाच्या घरी आप्पांची सही झाली की सगळ्या घराची झाली. सोसायटीचा कागद असो नाहीतर शाळेचा, आप्पा सही करतात आणि विषय संपतो. तिला वाटलं, इथंही तसंच. वाड्याची रीत वेगळी आहे हे तिला इतकी वर्षं खेळूनही कळलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नाही.

आठ दिवसांत मी एकेचाळीस आवाज साठवले. मेंढ्यांच्या हाका, कातरीचा कचकच आवाज, हरिबांनी सांगितलेल्या वाटांच्या गोष्टी, कोकराला पाजताना म्हणायचं गाणं. ते गाणं म्हटलं होतं म्हाकूबाईंनी. म्हाकूबाई म्हणजे हरिबांची बायको. आवाज बारीक, पण असा ठाम की कुत्रीही ऐकायची. श्रद्धा सूर्यास्ताआधी जेवते हे त्यांच्या ध्यानात होतं. दिवस कलला की त्या हाक मारायच्या, "पोरी, भाकरी खाऊन घे गं, दीस चालला." श्रद्धासाठी त्या वेगळी, कांद्याशिवायची आमटी करायच्या. श्रद्धाही दिवसभर त्यांच्या कोकरांच्या मागं असायची. एका आजारी कोकराला तिनं दोन दिवस मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी म्हाकूबाई म्हणाल्या, "चल, तुला एक दावती. पर त्ये तुझं यंत्र बंद कर. ह्ये टिपायचं न्हाई. निस्तं बघायचं."

"बंद करते, आज्जी," श्रद्धा म्हणाली, आणि तिनं बटणावर बोट टेकवलं.

नुसतं टेकवलं हो! माझं बंद करायचं बटण दोन मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. मी चालूच राहिलो. तिनं मला ओढणीत गुंडाळून पिशवीत टाकलं. माझा लाल दिवा लागलेला आहे हे मला आतून जाणवत होतं, पण ओढणीआड तो कुणाला दिसणार? मला ओरडावंसं वाटलं, 'अहो, मी जागा आहे! माझ्यासमोर बोलू नका!' पण मला स्वतःचा आवाजच नाही.

दोघी चढ चढत गेल्या. दगड घरंगळल्याचे आवाज, म्हाकूबाईंचा दम, वारा. वाटेत त्या खुणा सांगत होत्या. मग त्या थांबल्या. कोकरं चक्कर येऊन पाय झाडत पडतात, त्या दुखण्यावरचा पाला तिथं होता. सगळ्या मुलखात ती वनस्पती त्या एकाच जागी उगवते, आणि जागा केवढी? "चार घोंगडी हातरली की संपली," म्हाकूबाई म्हणाल्या. मग त्यांनी पाल्याला हात घालण्याआधी हळूच विचारलं, "घेऊ का गं?"

कितीतरी वेळ काहीच आवाज नव्हता.

"आज्जी, कुणाला विचारलंत?" श्रद्धानं विचारलं.

"तिलाच की. इचारायचं आन् थांबायचं. वाऱ्यानं पान हाललं तर घ्यायचं. न्हाई हाललं तर उद्या यायचं."

"आणि उद्याही नाही हललं तर?"

"तर परवा. आपलं काय हाय तिथं? तिचं हाय."

त्या दिवशी पान हललं असावं, कारण नंतर पाला खुडल्याचा आवाज आला. मग म्हाकूबाईंनी किती पानं घ्यायची, कशात वाटायची, कसं पाजायचं ते सगळं सांगितलं. हे सगळं माझ्या पोटात गेलं. बेचाळीस नंबर. ती जागा कुठं आणि त्या वनस्पतीचं नाव काय, हे मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. बटण दाबल्याशिवाय बोलतोय तोवर मी माझ्या मर्जीचा आहे.

सांगलीला परत आल्यावर श्रद्धा कानाला यंत्र लावून एकेक आवाज लिहून काढायला बसली. बेचाळिसावा सुरू झाला आणि तिचं पेन थांबलं. तिनं मला घट्ट धरलं. "देवा, हे चालूच होतं," ती पुटपुटली. तिनं तो आवाज लिहिला नाही, संगणकावर उतरवला नाही. पुसला पण नाही. म्हाकूबाईंना जाऊन सांगायची तिला लाज वाटत होती. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिनं दोन महिने काढले, आणि ते दोन महिने मी विभागाच्या खणात भीतीनं अर्धा होऊन पडलो होतो. दार वाजलं की मला वाटायचं, आला कुणीतरी, आता दाबणार!

आणि एक दिवस ते झालंच. दिवाळीची सुट्टी संपली होती. श्रद्धाचे मार्गदर्शक वीरधवल सर खण उघडून मला बाहेर काढताना कुणाशी तरी फोनवर बोलत होते. "होय, होय, धनगरांच्या औषधांचंच काम आहे. जनावरांच्या औषधांत तुमच्या कंपनीचं नाव आहे, म्हणून तर म्हटलं. गुरुवारी या. त्याआधी मी सगळं ऐकून ठेवतो."

फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी माझ्यातला पहिला आवाज लावला. मी बोलायला लागलो. दुसरा, तिसरा. सरांना निम्मं आवडत होतं, निम्मं ते पुढं ढकलत होते. तीस झाला. पस्तीस झाला. मित्रांनो, आपल्याच तोंडातून आता काय बाहेर पडणार आहे हे माहीत असावं आणि तोंड मिटता येऊ नये, ही भीती तुम्हाला कधी न येवो. चार घोंगड्यांएवढी जागा. उद्या पोती घेऊन माणसं गेली तर दुपारपर्यंत तिथं एक मूळ राहणार नाही. चाळीस झाला. एकेचाळिसाव्याला म्हाकूबाई कोकराचं गाणं म्हणायला लागल्या, आणि गाणं अर्ध्यावर असताना त्यांचा आवाज जाडा झाला, ओढल्यासारखा झाला, आणि थांबला. माझे सेल संपले होते!

उभ्या जन्मात सेल संपल्याचा मला एवढा आनंद झाला नव्हता.

"आकाराम," सरांनी शिपायाला हाक मारली, "जरा दोन सेल आणा हो, बारके."

"आनतो सर, धा मिंटात," आकारामचे बूट खाडखाड करत गेले. ते पलटणीतून निवृत्त झालेले, दहा मिनिटं म्हणजे दहाच. माझा आनंद तिथंच विरला. मी एकेक मिनिट मोजत बसलो. सातव्या मिनिटाला दार उघडलं ते श्रद्धानं.

"सर, तो रेकॉर्डर मला द्या," ती आल्या आल्या म्हणाली. "त्यात एक आवाज आहे, तो ऐकायचा नाहीये." आणि तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

सर वाईट माणूस नाहीत, मित्रांनो. ते शांतपणे म्हणाले, "अंगठा घेतलायस ना? मग अडचण काय?"

"अंगठा हरिबा आबांचा आहे, सर. बोलल्यात म्हाकू आज्जी. आणि त्या 'बंद कर' म्हणाल्यानंतरचं आहे ते."

"श्रद्धा, ज्ञान कुणा एकाच्या घरचं नसतं. हे औषध बाहेर आलं तर हजारो मेंढरं वाचतील."

"वाचतीलही, सर. पण ते द्यायचं का, हे मी कोण ठरवणार? तुम्ही तरी कोण? मी विचारून येते."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नाही."

तेवढ्यात आकाराम आले. "सर, सेल."

"बाईंकडं द्या," सर म्हणाले, आणि त्यांनी मला टेबलावरून श्रद्धाकडं सरकवलं. "जा. पण गुरुवारच्या आत ये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही आप्पांच्या रानात होतो. वाडा दोन दिवसांपूर्वी उतरला होता. मेंढरं अजून चरायला निघाली नव्हती, घंट्या आणि बें बें चारी बाजूंनी. मी म्हाकूबाईंच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही.

"आज्जी कुठायत?" श्रद्धानं विचारलं.

उत्तर दिलं बायडाक्कांनी, म्हणजे म्हाकूबाईंच्या सुनेनं. "ह्या काय, बसल्यात. आत्ती आता बोलत न्हाईत गं. दसऱ्याच्या आदी आठ दीस पडल्या. उजवं अंग गेलं, जीभ गेली. दवाखाना केला, पर बोलनं काय आलं न्हाई."

श्रद्धा खाली बसली. मग तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. बटण नीट दाबलं नव्हतं. पाल्याची जागा, पाल्याचं औषध, सगळं यात आहे. दोन महिने मी गप्प राहिले. परवा गुरुवारी कंपनीचा माणूस येणार आहे. बोलता बोलता तिनं मला हातावर घेऊन सगळ्यांपुढं धरलं.

हरिबा उसळले. "आमच्या अंगठ्यावर तू बाईची इद्या नेलीस? आगं, वाट माझी, औशिद तिचं! माझ्या आज्ज्याच्या वक्तापास्नं पाल्याचं बायाच बगत्यात. बापय मानसाला ती जागा ठावं न्हाई, मला बी न्हाई. माझ्या अंगठ्यात तिचं काय हाय?"

"मी विचारलं नाही, आबा. चुकले."

"इचारलं असतंस तर सांगितलं असतं की!"

बायडाक्का रडायला लागल्या होत्या. त्या वाड्याची रीत अशी की पाल्याची जागा आणि औषध सासूनं सुनेला द्यायचं, ते सुनेच्या घरात पुढची सून आल्यावर, आणि दसऱ्याच्याच दिवशी. बायडाक्कांच्या मुलाचं लग्न याच उन्हाळ्यात झालं होतं. "ह्या दसऱ्याला मला द्यायचं हुतं," त्या म्हणाल्या. "आठ दीस ऱ्हायलं हुतं. तवापास्नं सात कोकरं गेली. आत्ती हातानं काय काय दावत्यात, मला काय बी उमगत न्हाई."

मला तेव्हा एकदम कळलं. त्या वाड्याची ती विद्या म्हाकूबाईंच्या शब्दांत साऱ्या जगात आता फक्त माझ्या पोटात होती. आधी ती बाहेर पडेल म्हणून मी भीत होतो, आता पुसली जाईल म्हणून भ्यायलो. कुणी रागानं मला दगडावर आपटलं असतं तर?

बांगड्या वाजल्या. एका गार, जड हातानं मला ओढून घेतलं. म्हाकूबाईंचा डावा हात होता तो. त्यांनी मला कितीतरी वेळ धरून ठेवलं.

"आज्जी," श्रद्धानं विचारलं, "लावू का? तुमचा आवाज तुम्हाला ऐकवू का?"

ती थांबली. मग बांगड्या पुन्हा वाजल्या, दोनदा.

"व्हय म्हनती," हरिबा म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. "चला रं, उठा समदे. ह्ये बायांचं हाय."

पुरुषांच्या वहाणा लांब गेल्या. श्रद्धानं बायडाक्कांना जवळ बसवून माझी बटणं शिकवली. "हे चालू. हे बंद, पण दोन मोजेपर्यंत दाबून धरायचं. आणि हे पुसायचं, ते दाबल्यावर परत काही येत नाही." एवढं सांगून तीही उठली. बायडाक्का म्हणाल्या, "तू बस की. तुला ठावंच हाय आता."

"मला चुकून ठाऊक झालंय," श्रद्धा म्हणाली आणि निघून गेली.

मग बायडाक्कांनी बटण दाबलं, आणि माझ्या तोंडून म्हाकूबाई बोलायला लागल्या. शेजारी बसलेल्या म्हाकूबाईंच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. हसू होतं की रडू, ते मला सांगता येणार नाही. सुनेला सासूचा शब्द मिळत होता, फक्त तो सासूच्या हातातून येत होता. खुणा झाल्या, जागा झाली, 'घेऊ का गं' झालं. मी म्हणालो, तीन पानं. आणि बांगड्या जोरात वाजल्या.

"काय वो आत्ती? तीन न्हाई?" बायडाक्कांनी मला थांबवलं. "पाच? पाच व्हय?"

बांगड्या दोनदा वाजल्या.

मित्रांनो, मला हसूच आलं. दोन महिने मी जीव मुठीत धरून बसलो, आणि म्हातारीनं मुळात एक गोष्ट राखून ठेवली होती! लेकीसारखी माया केली, डोंगर चढून जागा दाखवली, पण पुरतं औषध सुनेसाठीच ठेवलं. जागा मात्र खरी होती, तेव्हा माझी भीतीही खोटी नव्हती.

मग सगळे परत आले आणि वाड्यानं बसून ठरवलं. बेचाळिसावा आवाज वाड्याबाहेर जाणार नाही. बायडाक्कांना औषध तोंडपाठ होईपर्यंत मी वाड्यावर राहायचं. पाठ झालं की त्यांनीच तो आवाज पुसायचा, तोही दसऱ्याला.

"आणि माझा अभ्यास?" श्रद्धानं हळूच विचारलं. "मी सोडून देते."

"सोडतीस कशापायी?" हरिबा म्हणाले. "लिवायचं तर आमची वाट लिव. कुटं तारंचं कुंपान घातलं, कुटं पान्याचं टाकं बुजलं, कुटं मेंढरं माघारी हाकलली. त्ये कुनी लिवत न्हाई. आन् लिवलेलं पैलं आमाला वाचून दाव."

तिनं तसंच केलं. दर महिन्याला ती यायची, वाचून दाखवायची, आणि हरिबा मध्येच अडवायचे, "न्हाई न्हाई, तिथं वडा हाय, खोड त्ये." सरांनीही गुरुवारी कंपनीच्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं, असं तिनं सांगितलं. पहिले दोन महिने ते तिच्याशी धड बोलत नव्हते. नंतर त्यांनी तिचं पहिलं प्रकरण वाचलं आणि स्वतःच वाड्यावर येऊन गेले.

मी मात्र वर्षभर घोड्याच्या पाठीवरच्या पिशवीत फिरलो. बायडाक्का एसटीनं माणमधल्या दहिवडीपर्यंत जाऊन पाला घेऊन आल्या. पहिल्या खेपेला कोकरू वाचलं नाही. दुसऱ्या खेपेला, पहाट उजाडताना, चार बारक्या खुरांची टपटप माझ्याजवळून गेली आणि बायडाक्का मोठ्यानं हसल्या. तो आवाज मी साठवला नाही. पण विसरलो नाही.

आज दसरा आहे. आम्ही माणला आहोत. सकाळी बायडाक्कांनी औषध पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं, मला न लावता, आणि म्हाकूबाईंच्या बांगड्या एकदाही अडवायला वाजल्या नाहीत. म्हणजे माझं काम संपलं. आता म्हाकूबाईंचा तो धडधाकट आवाज माझ्यातून जाईल. तसा आवाज परत कधी कुणाला ऐकू येणार नाही. मला त्याचं भय वाटतं, वाईटही वाटतं. पण त्यांचाच आहे तो. तो ठेवा म्हणायचा हक्क मला नाही.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्याहून किती हुशार यंत्रं आहेत. तुम्हीही आजीची गोष्ट टिपाल, कुणाचं गाणं टिपाल. टिपा, जरूर टिपा. पण आधी ज्याचं आहे त्यालाच विचारा, घरातल्या दुसऱ्याला नको. विचारून थांबा. दिवा चालू आहे की बंद ते त्याला दाखवा. आणि त्याचा आवाज त्याला ऐकवल्याशिवाय शेवटची एसटी पकडू नका. डोंगरातला तो म्हातारा अजून वाट बघत असेल, असं मला रोज वाटतं.

थांबा, बायडाक्का आल्या. त्यांनी मला उचललं. दुसऱ्या बाजूनं म्हाकूबाईंचा गार हात माझ्यावर आला. अंगठा पुसायच्या बटणापाशी आला आहे, पण अजून दाबलेला नाही. माझ्या अगदी जवळ तोंड आणून बायडाक्का बोलतायत.

"पुसू का रं?"

इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. मला उत्तर देता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी त्या थांबल्या आहेत.